माप आणि रूप

सायकल ही आपल्या समाजात फार काळ गरजेची वस्तू होती. हौसेची ती अलीकडे झाली. गरजेच्या वस्तूला आपण तिचा उपयोग विचारतो, हौसेच्या वस्तूला तिचे रूप विचारतो. सायकलीच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, ती हौसेची झाली तरी तिच्यावर बसणारा देह पूर्वीचाच राहिला. त्याला पाठ आहे, मान आहे, गुडघे आहेत, आणि त्यांची लांबी कोणत्याही हौसेने बदलत नाही. या विसंगतीतून एक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला आहे. थोडे खोल गेल्यास तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. प्रश्न असा: एखादी वस्तू आपल्याला शोभावी म्हणून आपण तिच्या मापाचे व्हावे, की तिला आपल्या मापाची करावी?

सुरतेत पहाटे डुमसच्या रस्त्यावर शर्यतीच्या सायकली घेऊन निघालेले हौशी सायकलस्वार आता नवलाचे राहिलेले नाहीत. शहर सपाट आहे. चढ म्हणावा तर तापीवरच्या पुलांचा आणि उड्डाणपुलांचा. परंतु उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात समुद्राकडून नैर्ऋत्येचा वारा येतो आणि डुमसकडे जाणाऱ्याला तो समोरून छातीवर घ्यावा लागतो. म्हणून हे स्वार हँडलावर ओणवे होतात. ही मंडळी चहाला थांबली की सायकली भिंतीला टेकतात आणि चर्चा सुरू होते. कोणाची फ्रेम कोणत्या धातूची, कोणाचे हँडल किती खाली, सीटखालची नळी किती बाहेर दिसते, रंगाशी टेप जुळते की नाही, हे सारे बोलले जाते. 'छान दिसते' हा शेरा वारंवार कानी पडतो. 'तुम्हाला बसते का?' हा प्रश्न त्या मानाने क्वचित विचारला जातो, आणि विचारला तर त्याचे उत्तर बहुधा थोडे अडखळतच येते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता असे नाही, पण त्याला निवडीची बाजू नव्हती. मद्रासला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स आणि लुधियान्यात १९५६ मध्ये हिरो सायकल्स उभ्या राहिल्यानंतर जी काळी, दणकट सायकल घरोघर गेली, तिच्या मापाचा विचार दुकानात दोन आकड्यांत संपे: २२ इंची की २४ इंची. हा आकडा म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. वडिलांची सायकल मुलाने दांड्याखालून पाय घालून, कंबर वाकडी करून शिकायची, ही रीत महाराष्ट्रात जशी होती तशीच गुजरातेतही होती. तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल तर ज्या मापाची हाती येईल ती घ्यावी लागे. त्या मुलाचा देह सायकलीला शरण गेला, हे खरे. परंतु ती शरणागती गरजेची होती. गरजेपोटी केलेल्या तडजोडीत दैन्य असू शकेल, खोटेपणा नसतो. आज लाखभर रुपये मोजून, सहा-सात मापांतून निवड करण्याची मुभा असताना, जो आपल्या मापाची नसलेली सायकल केवळ ती रुबाबदार दिसते म्हणून घेतो, त्याची गोष्ट निराळी आहे.

येथे मापाची तांत्रिक बाजू थोडी समजून घेणे आवश्यक आहे. सायकलस्वाराचा देह यंत्राला तीन ठिकाणी टेकतो: पाय पेडलांवर, बैठक सीटवर आणि हात हँडलावर. या तीन बिंदूंची परस्परांपासूनची अंतरे देहाशी जुळणे म्हणजे माप जुळणे. सीटची उंची ठरविण्याची एक प्रसिद्ध रीत फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंड यांच्या नावाने ओळखली जाते. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. जो आकडा येईल तितके अंतर पेडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. म्हणजे ही उंची ८० सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे ७०.६ सेंटिमीटरवर येते. दुसरी रीत कोनाची आहे. पेडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा, अशी ती सांगते. सीट पुढे-मागे सरकविण्यासाठी गुडघ्यापासून ओळंबा सोडून पाहण्याचा प्रघात आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही अशी टीका जाणकारांनी केलेली आहे, तरी आरंभ करण्यापुरता तो वापरला जातो.

सीट वरखाली होते, पुढेमागे होते. हँडल धरणारा आडवा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो लांब-आखूड मिळतो. परंतु फ्रेम मात्र एकदा घेतली की घेतली. तिची पुढची पोहोच किती आणि पुढच्या नळीची उंची किती, हे कारखान्यात ठरून गेलेले असते. दोन कंपन्यांच्या ५४ आकड्याच्या फ्रेमी प्रत्यक्षात वेगवेगळ्या असू शकतात. म्हणून जाणकार आकड्याकडे न पाहता या दोन अंतरांकडे पाहतात. फ्रेम थोडी मोठी झाली तर आखूड स्टेमने, थोडी लहान झाली तर लांब स्टेमने सावरता येते. पण फार सावरू गेल्यास सायकलीचे वळणे बिघडते. तात्पर्य, जुळवून घेण्याला वाव आहे आणि त्या वावाला सीमाही आहे. हे साधे सत्य पुढच्या विवेचनात आपल्याला पुन्हा लागेल.

आता रूपाकडे वळू. सुंदर सायकल कोणती याचा एक अलिखित संकेत हौशी मंडळींत आहे. हँडल सीटच्या बरेच खाली असावे, स्टेमखाली चकत्या नसाव्यात, सीटखालची नळी भरपूर बाहेर दिसावी, चाके आणि फ्रेम यांचे प्रमाण डौलदार असावे. हा संकेत कोठून आला? तो युरोपातील व्यावसायिक शर्यतपटूंच्या देहांवरून आला. वर्षाला हजारो किलोमीटर सायकल चालविणारा, पोटावर मेद नसलेला, पंचविशीतला मनुष्य इतका ओणवा होऊन पाच-सहा तास बसू शकतो. त्याच्यासाठी ते हँडल योग्य ठिकाणीच असते. त्या योग्यतेची जी आकृती दिसते, ती आपल्या डोळ्यांनी उचलली आणि योग्यता मात्र मागे राहिली. माहितीपत्रकांतील छायाचित्रेही बहुधा मधल्या किंवा मोठ्या मापाची असतात, कारण त्या मापात रेषा नेटक्या दिसतात. लहान फ्रेमीवर तीच चाके मोठी वाटतात आणि दांडा घसरल्यासारखा दिसतो. अशा रीतीने एका विशिष्ट देहाचे माप सर्वांच्या सौंदर्यकल्पनेचे माप होऊन बसते.

परिणाम पुढीलप्रमाणे होतो. पन्नाशीचा गृहस्थ, दिवसभर गादीवर किंवा संगणकापुढे बसणारा, हँडल शर्यतपटूइतके खाली ठेवतो. काही दिवसांनी करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर होऊ लागते, कारण तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस दबते. मान आखडते. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, फार वर असेल तर मागच्या बाजूस दुखते. मिनिटाला ८० फेरे या गतीने तासाला ४,८०० फेरे होतात आणि १० तासांच्या प्रवासात ४८,०००. मापातली अर्ध्या सेंटिमीटरची चूक एका फेऱ्यात कळत नाही; ती ४८,००० वेळा गुडघ्यातून गेली की कळते. २०० किलोमीटरची 'ब्रेव्हे' साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते, ६०० किलोमीटरची ४० तासांत. अशा लांब पल्ल्यात देह मापाचा सारा हिशोब काढतो. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की डोके उचलता येत नाही. १९८३ मध्ये ही अवस्था झालेल्या मायकेल शर्मर या स्वाराचे नावच त्या विकाराला चिकटले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. असल्या अंतरावर सायकल कशी दिसते हे पाहणारे कोणी नसते. ती कशी बसते हे मात्र क्षणोक्षणी जाणवते.

आपल्याकडे म्हण आहे: सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही. गंमत अशी की, हाच विचार सुमारे चोवीस शतकांपूर्वी अथेन्समध्ये झालेला आढळतो. झेनोफनने आपल्या गुरूच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांत सॉक्रेटिस आणि पिस्टियास नावाचा चिलखते करणारा कारागीर यांचा संवाद आहे. पिस्टियासची चिलखते इतरांहून मजबूत नव्हती की अधिक खर्चाची नव्हती, तरी तो किंमत अधिक घेई, कारण त्यांचे प्रमाण चांगले असे. सॉक्रेटिसने त्याला कोंडीत पकडले. ज्याचा देहच प्रमाणबद्ध नाही, त्याच्या मापाचे चिलखत प्रमाणबद्ध कसे होईल? कारागिराचे म्हणणे असे की, जे अंगावर बसते तेच प्रमाणबद्ध. त्यातून सॉक्रेटिसने जे निष्पन्न केले ते फार मोलाचे आहे. प्रमाण हे वस्तूच्या ठिकाणी एकटे नसते, वापरणाऱ्याच्या संबंधाने असते. मग नक्षीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, पण अंगावर न बसणाऱ्या चिलखतांवर खुशीने पैसे खर्चणाऱ्यांची गोष्ट निघते. अशी माणसे शृंगारलेली पीडाच विकत घेतात, असा त्या बोलण्याचा आशय आहे.

भारतीय काव्यशास्त्रातही हा विचार निराळ्या वाटेने आला. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. जे ज्याला साजेसे ते उचित, आणि उचिताचा भाव ते औचित्य. अलंकार आणि गुण यांना शोभा येते ती याच्यामुळे. त्याने दिलेला दाखला सर्वांना समजेल असा आहे. कमरेची मेखला गळ्यात घातली, गळ्यातला हार कमरेला बांधला, पायांतले नूपुर हातांत चढविले, तर पाहणारा हसेल. दागिना खोटा नाही, सोने अस्सल आहे, घडण उत्तम आहे. चूक फक्त जागेची आहे. सायकलीच्या भाषेत बोलावयाचे तर शर्यतपटूचे हँडल गृहस्थाच्या सायकलीला बसविणे म्हणजे मेखला गळ्यात घालणे होय.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, सौंदर्य आणि उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. एडमंड बर्कने १७५७ मध्ये सौंदर्याविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच म्हटले. उपयुक्ततेमुळेच सौंदर्य येत असते, तर जमीन उकरण्यास इतके सोयीचे असलेले डुकराचे नाक आपल्याला सुंदर वाटले असते. कांटने पुढे १७९० मध्ये सौंदर्याचे दोन प्रकार मानले. एक कशावरही अवलंबून नसलेले, फुलासारखे. दुसरे वस्तूच्या प्रयोजनाशी बांधलेले, इमारतीसारखे. मराठी वाचकांना रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे ही चर्चा अपरिचित नाही. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. सायकल भिंतीला टेकवून नुसती पाहत बसायची असेल, तर तिचे रूप फुलासारखे पाहण्याचा प्रत्येकास हक्क आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली अशाच पाहावयाच्या असतात, आणि तेथे कोणाच्या पायांची लांबी विचारण्याचे कारण नाही. प्रश्न चालविण्याच्या सायकलीचा आहे. चालविण्याची सायकल ही भिंतीला टेकलेली असताना अर्धीच वस्तू असते. तिचा उरलेला अर्धा भाग स्वार आहे.

सुरतकरांना हे सांगण्यासाठी फार दूर जावे लागू नये. या शहराच्या मागांवर साडी विणली जाते. दुकानाच्या फळीवरची घडी कितीही मोहक असली, तरी तिचे खरे रूप नेसल्यावरच कळते. आणि साडीला माप नसते याचा अर्थ एवढाच की, ती प्रत्येकीच्या मापाची होण्यास तयार असते. दुसरा धंदा हिऱ्यांचा. पैलू पाडताना कारागिरापुढे नेहमी एक मोह असतो. खड्याचे वजन राखावे, वरून तो मोठा दिसावा, यासाठी तळाचा भाग उथळ ठेवावा. परंतु उथळ खड्यातून प्रकाश खालून निसटतो आणि खडा निर्जीव वाटतो. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये हिऱ्याच्या कोनांचे गणित मांडले ते याच प्रश्नासाठी. त्याच्या हिशोबाने खालचा कोन सुमारे पाऊणेएकेचाळीस अंश हवा. मोठेपणाचा आभास आणि आतले तेज यांतून एक निवडावे लागते. मापाबाहेरच्या फ्रेमीवर बसलेला स्वार हा उथळ कापलेल्या हिऱ्यासारखा असतो: दुरून मोठा, पण बळ वाटेतच निसटून गेलेले.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. सुंदर वाटणारी सायकलच माणसाला पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठवते. मापाची पण मनातून उतरलेली सायकल गच्चीवर धूळ खाते. हे खरे आहे, आणि जो मापाचे महत्त्व सांगतो त्याने हे विसरू नये. प्रेमाशिवाय व्यायाम टिकत नाही. म्हणून आमचे म्हणणे रूप सोडून द्या असे नाही. रंग निवडावा, टेप जुळवावी, चाके चकचकीत ठेवावीत. यांतले काहीही गुडघ्याशी भांडत नाही. भांडण फक्त दोन-तीन ठिकाणी आहे: फ्रेमीचे माप, सीटची उंची आणि हँडलाची पातळी. तेथे रूपाने मागे सरावे एवढेच मागणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा. देह स्थिर नाही, तो घडतो. रियाजाने गळा घडतो, तबल्याने बोटे घडतात, आसनांनी कंबर लवचिक होते. मग सायकलीनेही देह का घडवू नये? आज न बसणारी बैठक वर्षाने बसेल. याला उत्तर असे की, घडणे आणि मोडणे यांत फरक आहे आणि तो फरक दिशेवरून कळतो. रियाज करणारा आपल्या आवाक्याच्या थोडे पुढचे काही साधू पाहतो, आणि ते साधल्यावर त्याचा गळा अधिक मोकळा होतो. बधिर झालेली करंगळी अधिक काही करू शकत नाही. ती कमी करू शकते. शिवाय मांडीचे हाड रियाजाने लांबत नाही. एडी मर्क्ससारखा सायकलपटू, ज्याने १९७२ मध्ये मेक्सिकोत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, तो १९६९ च्या अपघातात पाठ दुखावल्यापासून सीटची उंची सतत बदलत असे. शर्यत चालू असतानाही पाना काढून ती वरखाली करी. ज्याच्या आकृतीवरून जगाने सायकलीचा रुबाब शिकला, तो स्वतः रुबाबाकडे नव्हे, आपल्या पाठीकडे पाहत होता.

आणि डोळ्याचे काय? डोळाही घडतो, किंबहुना देहापेक्षा तो फार लवकर घडतो. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'चा अखेरचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरचा होता. लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. डोक्यावर काही नाही, केसांची शेपटी वाऱ्यावर, हँडल नेहमीचे. लेमंडने हँडलाला पुढे निघालेल्या दोन दांड्या लावल्या होत्या, ज्या शर्यतीच्या परंपरेला विचित्रच होत्या. त्याने तो टप्पा जिंकताना फिन्योंला ५८ सेकंदांनी मागे टाकले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. आज तसल्या दांड्यांशिवाय वेळेविरुद्धची शर्यत कोणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. १९९७ मध्ये माइक बरोज याने जायंट कंपनीसाठी उतरत्या दांड्याची फ्रेम आणली, तेव्हा आडव्या, सरळ दांड्याला सरावलेल्या डोळ्यांना ती खटकली. आज तो उतार सर्वत्र दिसतो. यावरून एवढे कळते की, जे नीट बसते त्याला सुंदर म्हणायला डोळा शिकतो. मणका तितक्या सहज शिकत नाही. दोघांपैकी कोणाला शिकवावे हे ठरविण्यास मग फार पांडित्य लागत नाही.

येथवर आपण व्यक्तीचा विचार केला. परंतु मापाला न्यायाचीही एक बाजू आहे. उतरत्या दांड्याच्या त्या फ्रेमीबरोबर मापांची संख्याही घटली. जुने इटालियन कारागीर एकेका सेंटिमीटरच्या अंतराने फ्रेमी देत, ग्राहकाचे माप घेऊनही बनवीत. नव्या पद्धतीत लहान, मध्यम, मोठी अशा तीनच मापांत जग बसविले गेले. कार्बन फ्रेमीचा साचा महाग असतो, प्रत्येक मापाला निराळा साचा लागतो, म्हणून मापे मोजकी राहतात. हा कारखान्याचा हिशोब समजण्यासारखा आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो? मधल्या मापाच्या पुरुषावर पडत नाही. तो पाच फूट उंचीच्या स्त्रीवर पडतो. तिला सर्वांत लहान फ्रेमही मोठी होते, वळताना पायाचे बोट पुढच्या चाकाला लागते, ब्रेकपर्यंत बोटे पुरत नाहीत. आणि वर तिला सांगितले जाते की, सायकल तिला जमत नाही. जॉर्जिना टेरी या अमेरिकन अभियंतीने १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकली काढल्या, तेव्हा पुढचे चाक मागच्याहून लहान ठेवले. अनेकांना ते रूप हास्यास्पद वाटले असेल. पण त्या सायकलीवर आखूड हातांची बाई सुखाने बसली. जिच्यासाठी वस्तू केली तिला ती बसली, यापेक्षा मोठे औचित्य कोणते?

आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा इतिहासही या दृष्टीने बोधप्रद आहे. ग्रेम ओब्री या स्कॉटिश स्वाराने स्वतः जुळवलेल्या सायकलीवर, ज्यात धुलाईयंत्राचे बेअरिंग बसविलेले होते, १९९३ च्या जुलैत नॉर्वेतील हामार येथे तासाला ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले. हात छातीखाली दुमडून बसण्याची त्याची बैठक त्याने स्वतःच्या देहावर प्रयोग करून शोधली होती. पुढच्याच वर्षी ती बैठक नियमबाह्य ठरली. १९९६ मध्ये लुगानोच्या सनदेने माणूस यंत्राहून श्रेष्ठ, हे तत्त्व जाहीर केले. तत्त्व थोर आहे. पण माणसाचे श्रेष्ठत्व सांगता सांगता सर्वांना एकच आकृती नेमून देण्यापर्यंत नियम गेले, ही त्यातली मेख आहे. सीटचे टोक पेडलांच्या आसाच्या किमान पाच सेंटिमीटर मागे असावे, असा नियम अनेक वर्षे होता. उंच स्वाराला तो जाणवतही नसे, बुटक्या स्वाराला मात्र त्यातून सूट मागावी लागे. सर्वांना एकच माप लावणे ही समता दिसते. पण ज्याच्या देहावरून ते माप घेतले, त्याला ती फुकट मिळते आणि इतरांना तिची किंमत मोजावी लागते.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. खर्चाच्या बाबतीत ती शहाणपणाची आहे. परंतु तिचा विस्तार आपण भलतीकडे केला आहे. जे अंथरूण घरात आहे त्यावर पाय आखडून झोपावे, हे खरे. जो नवे अंथरूण घ्यायला बाजारात निघाला आहे, त्याने मात्र आधी आपले पाय मोजावेत. पाय मोजण्याची लाज वाटते ही खरी अडचण आहे. माप घेणे म्हणजे आपण उंच नाही, तरुण नाही, लवचिक नाही हे फूटपट्टीच्या साक्षीने मान्य करणे. माप न घेता मोठी फ्रेम घेणे म्हणजे ती साक्ष टाळणे. म्हणूनच या प्रश्नाला आम्ही नीतीचा प्रश्न म्हटले. येथे फसवणूक दुसऱ्याची होत नाही. स्वतःची होते, आणि जो देह तिची किंमत देतो त्याला या व्यवहारात कोणी विचारलेले नसते.

पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना हा विचार अनोळखी वाटू नये. आपले मराठीपण नीट आहे की नाही हे ठरविताना आपण कितीदा पुण्याचे माप लावतो! तेथील लग्नासारखे लग्न, तेथील उच्चारांसारखे उच्चार. आणि आपल्या बोलण्यात सहज आलेला गुजराती शब्द पाहुण्यांपुढे गिळून टाकायचा. ते माप वाईट नाही, पण ते ज्या देहावरून घेतले तो देह आपला नाही. सायकलीची फ्रेम बदलता येत नाही, पण सीट आणि हँडल यांना वाव असतो. घराण्याचेही तसेच आहे. काही गोष्टी न हलणाऱ्या असतात, काही वरखाली करता येतात, आणि कोणती कोणत्या जातीची हे ओळखण्यासाठी आधी आपले माप आपल्याला ठाऊक असावे लागते. ज्या घराने ते ओळखले, त्याचे मराठी तापीकाठीही डौलदार वाटते, कारण ते त्या घराला बसलेले असते.

सायकलीपुरते बोलायचे तर निष्कर्ष साधा आहे. माप आणि रूप यांत वैर नाही. वैर आहे ते आपल्या मापात आणि दुसऱ्याच्या रूपात. म्हणून सायकल पाहावी ती तिच्यावर स्वार बसलेला असताना, आणि तोही तिसाव्या किलोमीटरनंतर. हँडल दोन बोटे वर आहे, स्टेमखाली चकत्या आहेत, सीटखालची नळी थोडीच दिसते. परंतु खांदे सैल आहेत, कोपरांत वाक आहे, श्वास एका लयीत चालला आहे, आणि समोरच्या वाऱ्यातही त्या माणसाला शेजारच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. अशा स्वाराकडे पाहून जो 'छान दिसते' म्हणतो, त्याने सायकल पुरी पाहिली.